बारा गुणांची प्रार्थना

१२ मे २००७ च्या रात्री युरोपातल्या एका गीतस्पर्धेचा निकाल देशोदेशीहून दूरचित्रवाणीवर जाहीर होत होता. प्रत्येक देश एका गाण्याला जास्तीत जास्त १२ गुण देऊ शकत होता. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, मॅसेडोनिया आणि मॉन्टेनेग्रो या पाचही देशांचे १२ गुण एकाच गाण्याच्या पदरात पडले. ते गाणे सर्बियाचे होते. या पाचांपैकी पहिल्या तीन देशांनी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बेलग्रेडच्या हुकमतीखालच्या सैन्याचे रणगाडे आपल्या रस्त्यांवर पाहिले होते. मॉन्टेनेग्रोने तर जेमतेम वर्षभरापूर्वी सर्बियाशी काडीमोड घेतला होता.

गाण्याचे नाव ‘मोलित्वा’, म्हणजे प्रार्थना. गायिका मारिया शेरिफोविच, वय २२ वर्षे. तिला एकूण २६८ गुण मिळाले आणि स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदाच उतरलेल्या सर्बियाने पहिल्याच फटक्यात ही स्पर्धा जिंकली.

ज्यांनी एकमेकांची शहरे उद्ध्वस्त होताना पाहिली, त्यांनी फोन उचलून त्याच शेजाऱ्याच्या गाण्याला सर्वाधिक मते का दिली असतील? या प्रश्नाची दोन उत्तरे तेव्हापासून ऐकू येतात. एक भाबडे : संगीताने दुभंगलेली मने सांधली. दुसरे तिरकस : शेजारी शेजाऱ्यालाच मत देतो, ही निव्वळ कंपूबाजी. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. ती का, हे समजून घ्यायचे तर आधी ही स्पर्धा, मग तो मोडलेला देश आणि शेवटी त्याची भाषा, अशा क्रमाने जावे लागेल.

स्पर्धा आणि तिचे नियम

आपल्याकडे ‘अ‍ॅबा’ हा स्वीडिश गायकगट पुष्कळांना ठाऊक असतो. १९७४ साली ‘वॉटर्लू’ हे गाणे घेऊन तो ज्या स्पर्धेतून जगापुढे आला, तीच ही ‘युरोव्हिजन’ गीतस्पर्धा. युरोपातल्या सरकारी व सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थांचा एक संघ १९५० साली स्थापन झाला. एकच कार्यक्रम एकाच वेळी अनेक देशांत दाखवता येतो का, हे पाहण्याची त्याला हौस होती. तिच्यातून १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी सात देशांची पहिली स्पर्धा भरली. महायुद्ध संपून अकरा वर्षे झाली होती आणि त्या सातांत फ्रान्स व जर्मनी दोघेही होते.

नियम साधे आहेत. प्रत्येक देशाचे एक गाणे, तीन मिनिटांपेक्षा मोठे नाही, रंगमंचावर सहापेक्षा जास्त माणसे नाहीत. वाद्यांचा भाग ध्वनिमुद्रित चालतो, मुख्य गाणे मात्र तिथेच गावे लागते. १९७५ पासून गुणांची रीत ठरून गेली आहे : प्रत्येक देश आपल्या पसंतीच्या दहा गाण्यांना १ ते ८, मग १० आणि १२ असे गुण देतो. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. पूर्वी हे काम परीक्षकमंडळे करीत; १९९७ पासून हळूहळू प्रेक्षकांचे फोन आले आणि २००७ पर्यंत बहुतेक सगळा कौल फोन व एसएमएसवर गेला होता.

भाषेचा नियम अनेकदा बदलला. सुरुवातीला सगळे आपापल्या भाषेत गात. १९६५ साली स्वीडनने इंग्रजी गाणे पाठवले, तेव्हा पुढच्या वर्षी स्वभाषेची सक्ती आली. १९७३ ते १९७६ ही चार वर्षे ती उठवण्यात आली (‘वॉटर्लू’ इंग्रजीत असण्याचे कारण हेच), १९७७ ला परत आली आणि १९९९ पासून कायमची गेली. तिच्या पाठोपाठ विजेत्या यादीतून इतर भाषाही जवळजवळ गेल्या. १९९९ ते २००६ या आठ वर्षांत स्वीडन, डेन्मार्क, एस्टोनिया, लात्व्हिया, तुर्कस्तान, युक्रेन, ग्रीस आणि फिनलंड जिंकले. यांतल्या एकाही देशाची भाषा इंग्रजी नाही. पण आठही गाणी इंग्रजीत होती. अपवाद म्हणावा तर युक्रेनच्या गाण्यात काही भाग युक्रेनियन होता, इतकाच. जिंकायचे तर इंग्रजीत गा, हा अलिखित नियम झाला होता.

जो देश उरला नाही

युगोस्लाव्हिया या स्पर्धेत १९६१ साली आला. पहिले गाणे ल्यिल्याना पेत्रोविच हिने कान शहरात गायले. शीतयुद्धाच्या काळात पूर्व युरोपातल्या साम्यवादी देशांची वेगळी चूल होती. युरोव्हिजनमध्ये उतरणारा समाजवादी देश हा एकटाच. मार्शल टिटो यांच्या अलिप्ततावादाची ही सांगीतिक बाजू म्हणता येईल. १९९२ पर्यंत हा देश २७ वेळा सहभागी झाला. १९८५ साली तो आला नाही, कारण स्पर्धेचा दिवस ४ मे होता आणि ती टिटोंची पुण्यतिथी होती.

देशांतर्गत निवडही संघराज्याच्या घडीप्रमाणे चाले. झाग्रेब, बेलग्रेड, ल्युब्लियाना, सारायेव्हो अशा केंद्रांची गाणी एकमेकांशी भिडत आणि एक पुढे जाई. म्हणजे एकमेकांच्या गाण्यांना गुण देण्याची सवय या लोकांना युरोपच्या कितीतरी आधी घरातल्या घरात लागलेली होती. हे ध्यानात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

१९८९ साली लोझानमध्ये क्रोएशियातल्या झादर शहराच्या ‘रिव्हा’ या गटाने युगोस्लाव्हियाला एकमेव विजय मिळवून दिला. त्यामुळे पुढची स्पर्धा ५ मे १९९० रोजी झाग्रेबला भरली. तिथे इटलीचा तोतो कुतुन्यो जिंकला. त्याचे गाणे १९९२ साली एकत्र येऊ घातलेल्या युरोपाविषयी होते. ते वर्ष उजाडले तेव्हा ज्या देशात हे गाणे गायले गेले, तो देशच उरला नव्हता. स्लोव्हेनियात जून १९९१ मध्ये दहा दिवसांचे युद्ध झाले, क्रोएशियात व्हुकोव्हार शहर तोफांनी जमीनदोस्त झाले, एप्रिल १९९२ मध्ये सारायेव्होला वेढा पडला. त्याच वर्षी ९ मे रोजी स्वीडनमधल्या मालम्योला सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो एवढाच उरलेला ‘युगोस्लाव्हिया’ शेवटचा गायला. तीनच आठवड्यांनी, ३० मे रोजी, संयुक्त राष्ट्रांनी त्याच्यावर निर्बंध घातले आणि बेलग्रेडसाठी स्पर्धेचे दार बंद झाले.

१९९३ साली स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि बोस्निया वेगवेगळे आले. बोस्नियाचे कलावंत वेढ्यातल्या सारायेव्होतून रात्री विमानतळाची धावपट्टी पळत ओलांडून बाहेर पडले होते. आयर्लंडमधल्या त्या स्पर्धेत खरखरणाऱ्या फोनवरून सारायेव्होचा आवाज ऐकू आला, तेव्हा सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

या सगळ्यात सर्बियाच्या सरकारी दूरचित्रवाणीचे, म्हणजे ‘आरटीएस’चे, काय झाले हेही पाहायला हवे, कारण पुढे ‘मोलित्वा’ पाठवणारी संस्था तीच. स्लोबोदान मिलोशेविच यांच्या राजवटीत ती द्वेषाच्या प्रचाराचे साधन बनली. २३ एप्रिल १९९९ च्या पहाटे नाटोच्या विमानांनी बेलग्रेडमधल्या तिच्या इमारतीवर मारा केला. रात्रपाळीचे १६ कर्मचारी ठार झाले. हल्ल्याची शक्यता असूनही त्यांना बाहेर न काढल्याबद्दल तिच्याच संचालकाला नंतर सर्बियन न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. जवळच्या बागेत मृतांची नावे कोरलेला दगड उभा आहे, त्यावर एकच शब्द आहे : ‘का?’ पुढे ५ ऑक्टोबर २००० रोजी मिलोशेविचविरोधी जमावाने याच संस्थेला आग लावली. परक्यांनी बाँब टाकलेली आणि स्वकीयांनी पेटवलेली ही संस्था.

शेवटचे भांडणही गाण्यावरूनच

२००४ साली ‘सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो’ या नावाने हा देश परतला. झेल्को योक्सिमोविच याच्या ‘लाने मोये’ या संथ गाण्याने इस्तंबूलमध्ये २६३ गुण मिळवून दुसरा क्रमांक पटकावला. बाल्कन लोकसंगीताच्या वळणाची सुरावट आणि आधुनिक वाद्यमेळ यांचे हे मिश्रण युरोपला नवे होते.

मग आले २००६. गाणे निवडण्यासाठी ११ मार्चला बेलग्रेडमध्ये अंतिम फेरी झाली. परीक्षकांत दोन्ही प्रजासत्ताकांची माणसे होती. मॉन्टेनेग्रोच्या परीक्षकांनी सर्बियाच्या लोकप्रिय गाण्याला गुणच दिले नाहीत. मॉन्टेनेग्रोचा ‘नो नेम’ हा गट जिंकला. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, बाटल्या फेकल्या आणि विजेत्यांना आपले गाणे पुन्हा गाता आले नाही. दोन्हीकडच्या दूरचित्रवाणी संस्थांत तडजोड होईना. शेवटी देशाने स्पर्धेतून माघार घेतली. त्या वर्षीची अंतिम फेरी अथेन्समध्ये २० मे रोजी होती. दुसऱ्याच दिवशी, २१ मे रोजी, मॉन्टेनेग्रोत स्वातंत्र्यासाठी सार्वमत झाले. ५५ टक्क्यांची अट होती, ५५.५ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. जून उजाडला तेव्हा दोन देश झाले होते.

म्हणून २००७ साली सर्बिया ‘नवा’ देश ठरला. त्याला हे स्वातंत्र्य मागून मिळालेले नव्हते. बाकीचे सगळे निघून गेल्यावर मागे जो उरतो, त्याच्या वाट्याला येणारे ते स्वातंत्र्य होते.

गाणे

मार्च २००७ मध्ये बेलग्रेडच्या साव्हा सेंटरमध्ये ‘बेओव्हिझिया’ नावाची राष्ट्रीय निवडफेरी झाली आणि तीत ‘मोलित्वा’ निवडले गेले. संगीत व्लादिमीर ग्रायिच यांचे, शब्द साशा मिलोशेविच मारे यांचे.

या गाण्याला ‘बॅलड’ म्हणतात. आपण बॅलड म्हटले की पोवाडा किंवा कथाकाव्य डोळ्यापुढे आणतो. इथे तसे काही नाही. आजच्या लोकप्रिय संगीतात बॅलड म्हणजे संथ लयीत सुरू होऊन चढत जाणारे भावनाप्रधान गाणे; जातकुळीने आपल्या भावगीताच्या जवळचे, मात्र शेवटाकडे आवाज पूर्ण मोकळा सोडणारे. ‘मोलित्वा’त एक स्त्री आहे, झोप नसलेली रात्र आहे आणि दुरावलेले प्रेम आहे. ज्याचे नाव तिच्या ओठांवर आहे, ते नाव हीच तिची प्रार्थना. देवापुढे सगळे कबूल करता येईल, पण आता प्रेम उरले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल, असा तिचा भाव. आळवणी आहे, पण ती देवाची की माणसाची, याची सीमारेषा पुसट ठेवली आहे. हे आपल्याला अनोळखी वाटू नये. संतांच्या विराण्यांत आपण ती पुसट रेषा शतकानुशतके गात आलो आहोत.

गाण्यात ढोल-तुतारीचा बाल्कन थाट नाही. योक्सिमोविचच्या गाण्यात दिसणारी लोकसंगीताची खूण इथे शोधूनही फारशी सापडत नाही. नव्वदच्या दशकात मिलोशेविच राजवटीच्या छायेत फोफावलेल्या ‘टर्बो-फोक’ या भडक संगीतापासूनही ते कोसभर दूर आहे. सर्बियन आहे ती भाषा आणि गाण्याचा दर्द.

हेलसिंकीच्या रंगमंचावर मारिया काळा कोट, पांढरा शर्ट, सैल सोडलेला टाय आणि चष्मा अशा वेशात उभी राहिली. मागे काळ्या सुटांतल्या पाच गायिका. नाच नाही, वेशांतर नाही. अंतिम फेरीत सर्बियाचा क्रमांक सतरावा होता. अठराव्या क्रमांकावर युक्रेनची ‘व्हेरका सेरदुच्का’, म्हणजे चंदेरी पोशाख आणि डोक्यावर चकाकता तारा घेऊन आलेला विनोदी नट आंद्री दानिल्को. लोकांनी त्यालाही भरभरून मते दिली. तो २३५ गुणांनी दुसरा आला. पण पहिला क्रमांक न नाचणाऱ्या मुलीला मिळाला.

‘मोलित्वा’ची इंग्रजी, रशियन आणि फिनिश रूपेही ध्वनिमुद्रित झाली होती. म्हणजे इंग्रजीचा पर्याय हाताशी होता. तरीही स्पर्धेत गायले गेले ते सर्बियनमधले. सक्ती उठल्यानंतर इंग्रजीचा एकही शब्द नसलेले आणि तरीही जिंकलेले हे पहिलेच गाणे. पुढे पोर्तुगीज (२०१७), इटालियन (२०२१) आणि युक्रेनियन (२०२२) गाण्यांनी ती वाट रुंद केली.

गुणांचा हिशेब

आता कंपूबाजीच्या आरोपाकडे वळू. तो निराधार नव्हता. २००७ च्या उपांत्य फेरीत २८ देश होते आणि पुढे गेलेल्या दहांत पश्चिम युरोपातला एकही नव्हता. पश्चिमेकडच्या वृत्तपत्रांनी मोठा गहजब केला. परिणाम असा झाला की २००८ पासून दोन उपांत्य फेऱ्या सुरू झाल्या आणि २००९ पासून अंतिम फेरीत निम्मा कौल पुन्हा परीक्षकांकडे गेला.

पण ‘मोलित्वा’पुरता हिशेब मांडून पाहू. जुन्या युगोस्लाव्हियातल्या पाच देशांनी दिलेले गुण ६०. एकूण २६८ मधून ते वजा केले तर २०८ उरतात. हा आकडा युक्रेनच्या २३५ पेक्षा कमी आहे खरा. पण मग युक्रेनच्याही शेजाऱ्यांचे गुण वजा करावे लागतील, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. मुद्दा असा की तीन चतुर्थांशाहून अधिक गुण या पाच देशांबाहेरून आले. उपांत्य फेरीतही हेच गाणे २९८ गुणांनी पहिले आले होते.

सर्बियाला १२ गुण देणारे देश एकूण नऊ होते. पाच आपण पाहिले. उरलेले चार : ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, हंगेरी आणि फिनलंड. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये १९६० च्या दशकापासून कामासाठी गेलेल्या युगोस्लाव्ह कामगारांची दुसरी-तिसरी पिढी राहते. तिथल्या गुणांत त्यांचा वाटा असणारच. हंगेरी सीमेवरचा शेजारी. पण फिनलंडचे काय? ना सीमा लागून, ना भाषा जवळची, ना सर्बांची मोठी वस्ती. तिथे गाणे गाणे म्हणूनच आवडले असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

पाच शेजाऱ्यांच्या गुणांचाही अर्थ सावधपणे लावायला हवा. बोस्नियाचे १२ गुण म्हणजे सारायेव्होच्या मुस्लिमांनी सर्बियाला दिलेली माफी, असे लिहिणे सोपे आहे. पण बोस्नियातच सर्बबहुल ‘रेपुब्लिका स्र्प्स्का’ हा मोठा भाग येतो आणि तिथूनही फोन गेलेच असतील. शिवाय त्याच वर्षी फेब्रुवारीत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सेब्रेनित्सा येथे वंशसंहार झाला होता आणि तो रोखण्यात सर्बिया अपयशी ठरला, असा निर्णय दिला होता. असल्या जखमा तीन मिनिटांच्या गाण्याने भरत नाहीत. क्रोएशियाचे १२ गुण मात्र असे बाजूला सारता येत नाहीत. तिथली सर्ब लोकसंख्या युद्धानंतर पाच टक्क्यांच्याही खाली गेली होती. एवढ्यांच्या फोनवर पहिला क्रमांक मिळणे अवघडच. म्हणजे क्रोएशियन माणसांनीच ‘मोलित्वा’ला मत दिले.

व्हिक्टर गिन्सबर्ग आणि अब्दुल नूरी या अर्थशास्त्रज्ञांनी युरोव्हिजनच्या अनेक वर्षांच्या गुणांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की या मतांमागे राजकीय देवाणघेवाणीपेक्षा भाषेची आणि संस्कृतीची जवळीक अधिक दिसते. क्रोएशियाच्या १२ गुणांचे कोडे सोडवण्यासाठी आता तिकडेच वळायला हवे.

एक भाषा, चार नावे

१८५० साली व्हिएन्नामध्ये सर्ब आणि क्रोएट विद्वान एकत्र आले आणि दोघांची साहित्यभाषा एकच असावी, असा करार त्यांनी केला. सर्बियाकडून लोकगीतांचे थोर संग्राहक आणि भाषासुधारक वुक काराजिच त्यात होते. त्यातून पुढे जी भाषा घडली तिला सर्बो-क्रोएशियन म्हणत. सर्ब ती सिरिलिक आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत लिहितात, क्रोएट फक्त रोमन वापरतात. बेलग्रेडला दूध ‘म्लेको’ आणि झाग्रेबला ‘म्लियेको’. बेलग्रेडला पाव ‘ह्लेब’ तर झाग्रेबला ‘क्रूह’. हिंदी-उर्दूचे नाते ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच समजेल : बोलताना एक, लिहिताना दोन, आणि राजकारणात त्याहून जास्त.

देश फुटला तशी भाषेची नावेही फुटली : सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन. ‘मोलित्वा’ जिंकल्यानंतर पाचच महिन्यांनी, ऑक्टोबर २००७ मध्ये, मॉन्टेनेग्रोच्या नव्या राज्यघटनेने मॉन्टेनेग्रिन ही चौथी भाषा अधिकृत केली. शब्दकोशांची फारकत झाली, पाठ्यपुस्तके वेगळी झाली. पण कानांना ही फारकत मान्य झाली नाही. ‘मोलित्वा’चा शब्दन्‌शब्द झाग्रेब, सारायेव्हो आणि पॉडगोरित्सात अनुवादाशिवाय कळत होता. शीर्षकाची झेप तर त्याहूनही मोठी : मॅसेडोनियन, बल्गेरियन आणि रशियनमध्येही प्रार्थनेला ‘मोलित्वा’च म्हणतात, स्लोव्हेनमध्ये ‘मोलितेव’, पोलिशमध्ये ‘मोदलित्वा’.

मला या प्रकरणाचे मर्म इथे दिसते. देश मोडतो तेव्हा सैन्य, चलन, पारपत्र, नकाशे हे सगळे वाटून घेता येते. कोणत्या सुरावटीला गहिवरून यायचे, हे वाटून घेता येत नाही. ज्या पिढीने युगोस्लाव्हियाच्या निवडफेऱ्या पाहिल्या होत्या, तिला कधी झादरचे, कधी बेलग्रेडचे तर कधी सारायेव्होचे गाणे ‘आपले’ म्हणण्याची सवय होती. १२ मे २००७ ला त्या सवयीने मत दिले. तिला सलोखा म्हणू नये. सलोख्यासाठी समोरासमोर बसून गुन्हे कबूल करावे लागतात. घर मोडल्यावरही भावंडांना एकच अंगाईगीत आठवावे, तशी ही गोष्ट. भांडण त्याने मिटत नाही, पण आपण एकाच घरातले होतो हे नाकारणे अवघड होते.

गायिका आणि तिचा देश

मारियाचा जन्म १९८४ चा, क्रागुयेव्हात्स शहरातला. आई व्हेरित्सा शेरिफोविच ही स्वतः गायिका. जिंकल्यानंतर मारियाच्या कुटुंबाच्या रोमा मुळांविषयी युरोपीय वृत्तपत्रांत लिहून आले. रोमा म्हणजे ज्यांना युरोपात हेटाळणीने ‘जिप्सी’ म्हणत आले ते लोक. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले. त्यांच्या भाषेत आजही ‘येक, दुई, त्रिन, श्तार, पांज’ असे मोजतात. एवढ्यावरून मारियाला ‘आपली’ म्हणायची घाई करू नये. सांगायचे ते एवढेच की ज्या समाजाला सर्बियात घर आणि नोकरी मिळणे मुश्कील, त्याच्याशी नाते सांगणारी मुलगी त्या रात्री सर्बियाचा चेहरा झाली होती.

त्या चेहऱ्यावर हक्क सांगायला सगळेच पुढे आले. नेमक्या त्याच आठवड्यात सर्बियाच्या राजकारणाचा तोल जात होता. जानेवारीच्या निवडणुकीनंतर सरकार बनत नव्हते. ८ मे रोजी कट्टर राष्ट्रवादी रॅडिकल पक्षाचे तोमिस्लाव्ह निकोलिच संसदेचे सभापती झाले आणि युरोपला धडकी भरली. १२ तारखेला ‘मोलित्वा’ जिंकले. १३ ला बेलग्रेडमध्ये हजारो लोक मारियाच्या स्वागताला लोटले आणि त्याच दिवशी निकोलिच पायउतार झाले. १५ तारखेला युरोपाभिमुख पक्षाचा सहभाग असलेले सरकार आले. गाण्याने सरकार बदलले, असे कुणी म्हणू नये. वाटाघाटी आधीच झाल्या होत्या. पण सर्बियाने युरोपकडे तोंड वळवले याचे चित्र म्हणून ते गाणे आयतेच सापडले.

पुढे त्याच मारियाने काही महिन्यांतच निकोलिच यांच्या पक्षाच्या प्रचारसभेत गायले आणि तिला ‘नव्या सर्बियाचे प्रतीक’ मानणारे युरोपीय चाहते चकित झाले. २०१३ साली तिच्यावरील माहितीपटात तिने आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. बेलग्रेडमधला पहिला समलिंगी अभिमान मोर्चा २००१ साली गुंडांनी मारहाण करून उधळला होता, २०१० च्या मोर्च्याला हजारो पोलिसांचे संरक्षण असूनही शहरभर दंगल झाली होती आणि त्यानंतर सलग तीन वर्षे तो भरूच दिला नव्हता. ही पार्श्वभूमी ठाऊक असली म्हणजे त्या कबुलीचे मोल कळते. मारिया ना निव्वळ उदारमतवाद्यांची झाली, ना निव्वळ राष्ट्रवाद्यांची. प्रतीक म्हणून ती कुणालाच पुरी पडली नाही, कारण ती माणूस होती.

विजेत्या देशात पुढची स्पर्धा भरते, या नियमाने मे २००८ मध्ये बेलग्रेड यजमान झाले. तीन महिने आधी, १७ फेब्रुवारीला, कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि चारच दिवसांनी बेलग्रेडमध्ये अमेरिकेच्या दूतावासाला आग लावण्यात आली होती. स्पर्धा दुसरीकडे हलवावी लागते की काय, अशी चर्चा होती. अखेर ४३ देश आले, तोवरचे सर्वाधिक. साव्हा आणि डॅन्यूब या नद्यांच्या संगमावर वसलेल्या शहराने ‘ध्वनींचा संगम’ हे घोषवाक्य घेतले आणि अंतिम फेरीची सुरुवात मारियाने ‘मोलित्वा’नेच केली. कार्यक्रमाचे यजमानपद त्याच आरटीएसकडे होते, जिच्या इमारतीवर नऊ वर्षांपूर्वी बाँब पडला होता. ‘का?’ असे विचारणारा तो दगड तेव्हाही जागच्या जागी होता, आजही आहे.

त्यानंतर सर्बियाला ही स्पर्धा जिंकता आलेली नाही. २०१२ साली योक्सिमोविच तिसरा आला, २०२२ साली कोन्स्ट्राक्टा ही गायिका पाचवी. दोन्ही वेळा भाषा प्रामुख्याने सर्बियनच होती. मार्च २०१७ मध्ये सारायेव्होत या चारही देशांतल्या लेखक-भाषातज्ज्ञांनी एक जाहीरनामा काढला : आपण चार नावांनी बोलतो, पण बोलतो ती एकच भाषा. त्यावर चारही देशांतून टीका झाली आणि चारही देशांतून त्याला सह्याही मिळाल्या. हे लोक जे दहा वर्षांनी कागदावर मांडत होते, ते त्या देशांतल्या सामान्य माणसांनी २००७ च्या मे महिन्यातल्या एका रात्री आपापल्या घरी बसून, फोनची बटणे दाबून आधीच सांगून टाकले होते.